कंडक्टरला अजून वेळ आहे

आमच्या मास्तरांचं आम्ही एकदा फार मोठं नुकसान केलं. चोरी नाही, चहाडी नाही. त्यांनीच शिकवलेलं काम, त्यांच्याच पद्धतीनं, त्यांच्यावरच्या मायेपोटी केलं, आणि त्यांच्या घरातल्या ज्या एका वस्तूला हात लावायचा नव्हता, नेमकी तीच विटकरीनं घासून काढली. ते सांगायचंच आहे मला. पण आधी मास्तर कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका खाकी शर्टाचं काय एवढं घेऊन बसलीय ही बाई.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. नाशकात कालव्यांचे नकाशे काढणारं आमचं एक सरकारी ऑफिस होतं, तिथले ते हेड ड्राफ्ट्समन. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर. त्यांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा मी ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं गिरवायचा. सत्तर सालानंतरची गोष्ट ही. मी बावीस-तेवीस वर्षांची, दोन वेण्या सोडून नुकतीच एक वेणी घालायला लागलेली. सगळं ऑफिस त्यांना साहेब म्हणायचं. आम्ही तिघं मात्र मास्तर म्हणायचो, कारण ते कपडे शिवायचे. कपडे तरी कसले, तर सोंगांचे!

त्या काळी गणपतीत, कॉलन्यांच्या स्नेहसंमेलनात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला 'विचित्र वेशभूषा' ठेवलेली असायचीच. लोकांना वाटतं हा पोरांचा खेळ. पण मोठ्यांचाही एक गट असायचा, आणि त्यात दरवर्षी तीच तीच मंडळी भेटायची. नाशिकरोडचा एक गृहस्थ पत्र्याचे डबे जोडून यंत्रमानव व्हायचा. दोघे सख्खे भाऊ मिळून बैल व्हायचे, त्यातला मागचा भाऊ कायम कुरकुरत असायचा. एकमेकांची सोंगं बघायची, गोंद कुठला वापरलास विचारायचं, परीक्षकाला नावं ठेवायची, आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं. आमची चौघांची टोळी असायची. मास्तर, मी, आवक-जावकचा कारकून गायकवाड आणि ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर बागूल. गायकवाड राहायचा बुद्धविहाराशेजारच्या कॉलनीत, अंगानं सडसडीत, काहीही घाला, त्याला शोभायचं. बागूल कळवणकडचा. पत्रा, तार, चामडं, जे म्हणाल ते दोन दिवसांत पैदा करायचा. बसनं जाताना मात्र त्याला पुढच्या सीटवर बसवायची सोय नव्हती. ड्रायव्हरनं गिअर टाकला की हा मागून, "आता कशाला टाकला? चढ कुठं शे?"

मास्तर उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल. रस्त्यानं जाताना ते माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. कोपराकडे बघायचे, कॉलरकडे बघायचे, पँटच्या खिशाच्या कडेकडे बघायचे. खिशात एक छोटी वही. मेन रोडवर उभं राहून कुणा हलवायाच्या सदऱ्याचा नकाशा काढायचे, कुठं विरलाय, कुठं पिवळा पडलाय, कुठलं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलंय. एकदा असंच एका दूधवाल्याकडे इतका वेळ टक लावून बघत होते की तो सायकल लावून आला आणि म्हणाला, "काय काका, वळख लागंना का?" मास्तर शांतपणे म्हणाले, "उजव्या पायाची पायजम्याची कड चेनमध्ये येते रे तुझी. क्लिप लाव." दूधवाला निघून गेला. मास्तरांनी वहीत चेनचं तेल किती वर आलं होतं ते लिहून घेतलं.

त्यांचं एक ठाम मत होतं. शिवण खोटी चालेल, झीज खोटी चालायची नाही. देव, राजे, पुढारी त्यांनी कधी केले नाहीत. "त्यांचे कपडे झिजतच नाहीत, मग त्यात बघायचं काय?" असं म्हणायचे. आम्ही केली ती सोंगं म्हणजे न्हावी, मुनीम, शाळेतली शिपाईण, पानवाला. आणि दुसरा नियम असा की जुना कपडा आणायचा नाही. मला पहिल्यांदा शिपाईण केली तेव्हा मी शहाणपणानं आईचं जुनेर घेऊन गेले. मास्तरांनी ते चिमटीत धरून परत दिलं. "यात तुझ्या आईची झीज आहे. ती तिला राहू दे. आपण कोरं आणायचं आणि आपली झीज आपण करायची." मग कोऱ्या कापडावर आमची जी मेहनत चालायची! धुण्याच्या सोड्यात उकळायचं, उन्हात घालायचं, चहाचं पाणी द्यायचं, विटकरीनं आणि बारीक पॉलिश पेपरनं घासायचं. शिपाईण बादली कुठल्या हातात धरते, फडकं कुठं खोचते, ते आधी कागदावर. मगच घासायला सुरुवात. एका शर्टाला तीन-तीन रविवार जायचे.

आतल्या अस्तराला मात्र फुकटचं कापड होतं. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ चढवलेलं निळसर सुती कापड. रद्द झालेला नकाशा गरम पाण्यात भिजवला की खळ निघायची, शाई निघायची, अख्खा कालवा वाहून जायचा आणि हातात मलमल यायची. निम्म्या ऑफिसचे रुमाल त्याचेच होते.

मी या टोळीत जाणार म्हटल्यावर आमच्या आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. तीन बाप्यांबरोबर दिंडोरीला आणि निफाडला? तेही सोंगं घेऊन? मास्तरांना हे कळलं तसे ते स्वतः घरी आले. आईनं चहा दिला, पण तोंड फुगलेलंच. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, लहान मूल कुणाचं आहे घरात?" आई चपापली. माझ्या बहिणीचं पोर दोन दिवसांपूर्वीच परत गेलं होतं. "तुमचं लुगडं डाव्या कमरेशी तेवढं विरलंय. उजवीकडे धड आहे. मूल कडेवर घेऊन उजव्या हातानं कामं करता तुम्ही. कंबर धरत असेल, जरा बाजू बदलत जा." आईची कंबर खरंच धरायची आणि घरात कुणालाही त्याची पडलेली नव्हती. ते गेल्यावर ती म्हणाली, "मेल्याची नजर म्हणायची की काय!" पण मला जायची परवानगी मिळाली, ती कायमचीच.

बक्षिसं आम्हाला फार मिळायची नाहीत. त्याला कारण मास्तरांचा तिसरा नियम. सोंगानं बोलायचं नाही. बाकी सगळे स्टेजवर जाऊन काहीतरी ठसक्यात म्हणायचे, टाळ्या घ्यायचे. आमचा न्हावी नुसता उभा राहायचा. परीक्षक म्हणायचे, अहो दोन वाक्यं तरी बोला. गायकवाड कळवळून मास्तरांकडे बघायचा, मास्तर मान हलवायचे, नाही म्हणजे नाही. "कपडा बोलतोय ना? आपण तोंड उघडलं की त्याचं कोण ऐकणार?" आणि आम्ही उत्तेजनार्थ घेऊन घरी यायचो. मला भयंकर राग यायचा. बोलूनही दाखवायचे मी. मास्तर म्हणायचे, "तू शाईनं गिरवताना बोलतेस का?" मी म्हणायचे, "बोलते." तेव्हा हसायचे.

दिंडोरीला मात्र वेगळंच झालं. मास्तर स्वतः द्राक्षबागेतला फवारणीवाला गडी झाले होते. मोरचूद-चुन्याचे निळे डाग, पाठीवर पंपाच्या पट्ट्यांच्या खुणा, फडकं बांधलेलं तोंड. पंप मुद्दाम घेतलाच नव्हता. परीक्षक म्हणून गावातले एक बागायतदार बसलेले. मास्तर स्टेजवर आले तसे ते खुर्चीतून उठले आणि ओरडले, "आरं तू हितं काय करतोस? औषध मारायचं सोडून नाटकं बघतोस व्हय? पंप कुठं टाकला?" मास्तर बोलेनात. नियम ना! शेवटी दोन कार्यकर्त्यांनी दंडाला धरून खाली उतरवलं. आम्ही मागून धावत जाऊन खुलासा केला, तोवर पहिला नंबर यंत्रमानवाला जाऊन बसला होता. परतीच्या गाडीत मास्तर इतके खूश मी कधी बघितले नव्हते. "आपल्याला पहिलं बक्षीस मिळालं आज," असं दोनदा म्हणाले.

या गाड्यांमधली एक गोष्ट तेव्हा मला दिसायची, पण कळायची नाही. मास्तर बसमध्ये सगळ्यांची कोपरं न्याहाळायचे, पण कंडक्टरकडे बघायचे नाहीत. तिकीट काढायला मला पुढं करायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहायचे. गायकवाडला कंडक्टर व्हायची फार हौस होती. चामड्याची बॅग, तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा पंच, कानामागे पेन्सिल, झिजायला जागाच जागा! दरवर्षी तो विचारायचा, "मास्तर, यंदा कंडक्टर करू या?" आणि दरवर्षी मास्तरांचं एकच उत्तर, "कंडक्टरला अजून वेळ आहे."

आणखी एक. आमच्याकडे धुळवडीला रंग नसतो, वीर निघतात. घरातलं कुणी अकाली गेलेलं असतं, त्याचा टाक, म्हणजे देवघरातली पत्र्याची छोटी प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, न्यायचा, आंघोळ घालून परत आणायचा. हलगी वाजते, वीर हातात घेतलेला माणूस नाचतो, बरोबर पोरं राजे नि देव बनून निघतात. मास्तर दरवर्षी जायचे, पण एकटे. ना हलगी, ना कुणी बरोबर. गायकवाडनं एकदा विचारलं, "मास्तर, वीर कुणाचा?" ते म्हणाले, "घरचा." पुढं विचारायची आमची छाती झाली नाही.

टोळीला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा मास्तरांना कावीळ झाली. साधीसुधी नाही, चांगले महिनाभर दवाखान्यात. लग्न केलेलं नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, पंचवटीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटेच राहायचे. खाली घरमालकीण मावशी, त्या नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला निफाडला गेलेल्या. आम्ही तिघं पाळीपाळीनं दवाखान्यात बसायचो. मास्तर बोलणंच सोडून बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या कॉलरकडेसुद्धा बघेनात. मी वही नेऊन दिली, ती त्यांनी उशाखाली सारली. मला तेव्हा खरंच भीती वाटली की हा माणूस आता उठत नाही.

त्यांनी किल्ली देऊन पांघरूण आणायला पाठवलं. वरच्या ट्रंकेत आहे म्हणाले. गायकवाड आणि मी गेलो. वरच्या ट्रंकेत पांघरूण निघालं नाही म्हणून खालची उघडली. आत डांबराच्या गोळ्यांचा भपकारा, आणि धुतलेल्या ट्रेसिंग क्लॉथमध्ये गुंडाळलेला एक खाकी शर्ट, खाकी पँट, टोपी. कंडक्टरचा गणवेश, कोरा करकरीत! घडीसुद्धा मोडलेली नाही.

गायकवाड खालीच बसला. "बघितलंस? वेळ आहे, वेळ आहे म्हणायचे, आणि शिवून तयार ठेवलाय. नुसती झीज बाकी आहे."

मलाही तेच वाटलं. का वाटू नये? आम्हाला कोरा कपडा म्हटलं की एकच गोष्ट माहीत होती. दुसऱ्या कुणाला ट्रंकेत कोरा कपडा सापडला असता तर त्यानं तो जपून परत ठेवला असता. आम्ही बागूलला निरोप धाडला. मास्तर घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर कंडक्टर तयार उभा करायचा, म्हणजे माणूस पुन्हा हुशारीत येईल, असं आमचं ठरलं.

आणि आम्ही जीव ओतला हो! गायकवाड तीन दिवस रजा टाकून निफाडच्या गाडीत बसून राहिला, प्रत्येक कंडक्टरचा नकाशा काढून आणला. पट्टा उजव्या खांद्यावर, बॅग डाव्या मांडीशी. तिकिटांची पेटी डाव्या हातात, म्हणून डाव्या बाहीच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या कडेची रेघ. पंच उजव्या हातात. बागूलनं ओळखीच्या रिटायर कंडक्टरकडून जुनी बॅग आणि पंच आणला. बॅगेत वाळू भरून तिचा पट्टा आम्ही त्या शर्टाच्या खांद्यावर ओढत होतो, मोजून शंभर वेळा, मग पाळी बदलायची. कॉलर मी केली, खोबरेल आणि काजळी लावून. तिसऱ्या रविवारी गणवेश धुऊन मावशींच्या दोरीवर घातला, तेव्हा आम्ही तिघं लांब उभे राहून बघत होतो. इतकं चोख काम आमच्या हातून कधी झालं नव्हतं. मास्तर काय म्हणतील याच्या कल्पनेनं मला हसू आवरत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशी निफाडहून परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांची नजर दोरीवर गेली.

"अगं बाई! हा कुणी काढला?"

"आम्ही," मी म्हटलं. "कंडक्टरचं सोंग करतोय मास्तरांसाठी."

मावशी पायरीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं. मास्तरांना एक धाकटा भाऊ होता. कंडक्टर म्हणून लागला होता, कापड मिळालं होतं, मास्तरांनी स्वतः शिवलं. मशीन चालवायला ते त्यासाठीच शिकले. एक तारखेला हजर व्हायचं. आई म्हणाली, घालून तरी दाखव. तो म्हणाला, ड्युटीच्या दिवशीच घालीन. आणि त्याच आठवड्यात टायफॉइड. पहिली तारीख उजाडायच्या आत पोरगा गेला. तो कपडा त्याच्या अंगाला एकदाही लागला नव्हता. "वीस वर्षं होत आली," मावशी म्हणाल्या. "एवढंच काय ते राहिलंय त्यांच्याकडे. फोटोसुद्धा नाही."

 गायकवाड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बागूल दोरीवरचा शर्ट उलटासुलटा करून बघत राहिला, जणू काही कोरी बाजू कुठंतरी सापडेल. सापडायची कशी? आमच्या हातचं काम होतं ते.

शेवटी बागूल म्हणाला, "नवा शिवू. असंच खाकी मिळतं. घडी घालू, गोळ्या टाकू, ठेवून देऊ. मास्तरले काय कळतं?"

त्याचा त्यालाच पटला नाही तो प्रश्न. आईच्या लुगड्यावरून तिची कंबर ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातची शिवण कळायची नाही? आणि नाही कळली, समजा, तरी आम्ही त्यांच्या तोंडाकडे कसे बघणार होतो? मी म्हटलं, लपवायचं नाही. खुंटीला अडकवायचा, आणि ते घालवून देतील तर निघून जायचं. एवढं बोलले आणि मग मात्र मला रडू आलं, कारण ते खरंच घालवून देतील असं मला वाटत होतं, आणि मास्तर नसलेला रविवार माझ्या डोळ्यांपुढे येईना.

चार दिवसांनी मास्तर टांग्यातून घरी आले. डोळे अजून पिवळे, पायऱ्या चढताना दोनदा थांबले. खोलीत आले, खाटेवर बसले, आणि समोर खुंटीवर गणवेश. आम्ही तिघं दाराशी.

"मास्तर, आम्ही चुकलो," मी म्हटलं. "आम्हाला माहीत नव्हतं."

त्यांनी हात पुढं केला. चष्मा मागत होते. मी दिला. शर्ट काढून ते खिडकीशी गेले आणि आमची सगळी सोंगं तपासायचे तसा तपासायला लागले. आधी कॉलर, मग कफ, मग खिशाची कड. 

"कॉलर कुणी केली?"

"मी."

"बरी आहे." मग खांद्याशी येऊन ते थांबले. अंगठा त्या विरलेल्या जागेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. "पट्टा उजव्या खांद्यावर?"

"सगळ्यांचा तिथंच असतो, मास्तर," गायकवाड चाचरत म्हणाला. "मी तीन दिवस बघितलं."

"सगळ्यांचा असतो," मास्तर म्हणाले. "तो डावखुरा होता."

बागूल एकदम पुढं झाला. "मास्तर, आमले मारा, शिव्या द्या, पण असं शांत नका राहू."

मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. शर्टाकडे बघत होते. लहानपणी आई त्याच्या डाव्या हातावर चापटी मारायची, असं काहीतरी आधी पुटपुटले. मग जरा मोठ्यानं, आम्हाला सांगितल्यासारखं बोलायला लागले.

"असू दे. नवीन होता ना तो. डेपोतले जुने लोक म्हणाले असतील, सरळ हातानं कर बाबा, पॅसेंजर हसतात. ऐकलं असेल त्यानं. वर्ष, दीड वर्ष घातली असेल बॅग उजवीकडून. एवढी झीज दीड वर्षाची होते." पुन्हा अंगठा फिरवला. "मग नसेल ऐकलं. हट्टी होता फार."

मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दरवर्षी धुळवडीला ट्रंक उघडतो. दरवर्षी हे कापड तसंच्या तसं. मी म्हातारा होत चाललो, आणि हे अजून एक तारखेची वाट बघत बसलंय. वहीत सगळ्या गावाची झीज लिहिली मी. याला हात लावायचं धाडस मला होत नव्हतं."

ते खाटेवर येऊन बसले. मग विचारलं, "विटकर कुठं आहे?"

मी आणून दिली. अंगात ताकद नव्हती, तरी खाटेवर बसून त्यांनी डावा खांदा घासायला घेतला. दहा मिनिटांनी दमले तेव्हा गायकवाडनं घेतला. पट्टा डावीकडून, बॅग उजव्या मांडीशी, पेटी उजव्या हातात. दर रविवारी आम्ही जमत होतो, आणि मास्तर सांगत होते. इथं टाका घाला, बायकोनं घातलेला, घाईचा. लग्न झालं असणार त्याचं. इथं शाई सांडली. कडेच्या शिवणीत त्यांनी वीस वर्षांपूर्वी दोन बोटं कापड जास्तीचं ठेवलं होतं, माणूस पुढं अंग धरतो म्हणून. ती शिवण उसवून त्यांनी स्वतःच्या मापाची केली.

धुळवड आली. आम्ही तिघं रामकुंडाशी आधीच जाऊन उभे होतो, कारण यंदा बरोबर या, असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. गर्दी नेहमीचीच. हलग्या, गुलाल, टोप घसरलेले छोटे राजे, मिशा पुसलेले मावळे. त्यातून मास्तर आले. अंगावर खाकी, डाव्या खांद्यावर पट्टा, उजव्या हातात छातीशी धरलेली लाल फडक्यातली खोबऱ्याची वाटी. वीर म्हणून कंडक्टर कुणी कधी बघितला होता? पोरं खिदळायला लागली. एक टारगट ओरडला, "ओ कंडक्टर, एक फुल, दोन हाफ!" दुसरा म्हणाला, "गाडी कुठं लावली?" गायकवाड मुठी आवळून पुढं निघाला, मी त्याची बाही धरली. पाण्याकडे जायला वाट नव्हती. लोक दाटून उभे होते आणि मास्तर मध्येच अडकले होते. मला वाटलं, हे आता परत फिरतात.

त्यांनी डाव्या हातानं बॅगेतून पंच काढला. सवय नव्हती त्या हाताला, दोनदा निसटता निसटता राहिला. मग दोनदा वाजवला, कट कट, आणि आमच्या सगळ्या वर्षांत एकाही सोंगात तोंड न उघडलेला तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला,

"चला, पुढं सरका! पुढं सरका, आत जागा आहे!"

आवाज मास्तरांचा नव्हता. चांगला तरणा आवाज होता. आणि इतक्या वर्षांची सवय असते ना हो लोकांना, हसता हसता सगळे खरंच सरकले. पाण्यापर्यंत वाट झाली.